तुझी वही, माझी वही

सुधीर,

तू गेलास त्याला आज एकवीस दिवस झाले. एवढ्या लहान नमुन्यावरून मी कशी आहे याचा निष्कर्ष काढता येणार नाही, असं तू म्हणाला असतास. पण लोक रोज विचारतात आणि त्यांना नमुना-बिमुना चालत नाही. मी 'बरी आहे' म्हणते. बहुतेक वेळा ते खरंच असतं, आणि त्याचं मलाच आश्चर्य वाटतं.

तू गेलासही तुझ्या पद्धतीने. बोंबलाचं कालवण, वर 'तिखट जरा कमी पडलं' असा शेरा, मग आरामखुर्ची. मी भांडी आवरून आले तेव्हा चष्मा छातीवर होता आणि तू नव्हतास. डॉक्टर म्हणाले, हृदय. कळलंसुद्धा नसेल. मी कितीतरी वेळ तो चष्मा पुसत बसले होते.

तेराव्याला तुझी मालूताई माझ्या कानाशी लागली. म्हणाली, "ते गुंगीचं औषध घेतलं होतं ना गं त्याने, त्यानेच हृदय पोखरलं असणार." मी म्हटलं, "ताई, चार वर्षांपूर्वी आठदा सलाईन घेतलं. त्यानंतर तुमचा भाऊ रोज वडाळे तळ्याला दोन फेऱ्या मारत होता." तरी तिचं चालूच. मग मी तुझंच वाक्य काढलं, संख्याशास्त्राच्या वर्गात म्हणायचास ते: कोंबडा आरवल्यावर उजाडतं, म्हणून कोंबड्यामुळे उजाडत नाही. मालूताईने माझ्याकडे सांत्वनाला आलेल्या बाईला शोभेल अशा नजरेने पाहिलं आणि लाडू घेतला.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे तुझी निळी फाईल. ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर या रविवारी तुझं भाषण ठरलं होतं, 'केटामीनने उदासी बरी होते का?' कट्ट्याचे अध्यक्ष घरी आले, म्हणाले, शोकसभा ठेवू. मी म्हटलं, शोकसभा त्याला आवडणार नाही, भाषण मीच वाचते. तोंडातून निघून गेलं आणि मग जीभ चावली. कारण त्या भाषणात माझी वही येणार हे मला माहीत होतं. आणि माझी वही खोटी आहे हे फक्त मला माहीत होतं.

आता तुझ्यापासून काय लपवायचं. सांगते.

तुला आठवतं का, निवृत्तीनंतरचं ते दुसरं वर्ष? मला तर तारीखवार आठवतं. आधी तू पेपरातलं कोडं सोडलंस. मग फिरणं. मग मासे. दर बुधवारी यमुनाबाई उरणहून माशांची पाटी घेऊन आपल्या विचुंब्याच्या बिल्डिंगच्या गेटवर बसते, आणि तीस वर्षं तिच्याशी माशाच्या ताजेपणावरून तंटा करणारा माणूस घरातून म्हणाला, "तूच आण काहीतरी." यमुनाबाईने मला विचारलं, "काय गो बाय, मास्तर येत नाय तो खाली? आजारी हाय का?" मी म्हटलं, जरा बरं नाही. ती म्हणाली, "त्याला सांग, मी एकलीच वराडते, मजा नाय येत." मी वर येऊन तुला ते सांगितलं, तेव्हा तू हसलाही नाहीस.

दोन वेगवेगळ्या गोळ्या झाल्या, दोन्ही पुरेसे दिवस घेऊन. काही उपयोग नाही. मग खारघरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, आपल्या लेकीपेक्षा, मुग्धापेक्षा लहान असेल ती मुलगी. तिच्यासमोर तू म्हणालास, "सकाळी जाग आली नाही तर बरं, असं रोज झोपताना वाटतं." मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते आणि मला ते पहिल्यांदा कळत होतं.

तिने काही लपवलं नाही. म्हणाली, शॉकचा उपचार आहे, लोक घाबरतात पण त्याचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. दुसरं केटामीन. ऑपरेशनच्या टेबलावर भूल द्यायला कितीतरी वर्षं वापरतात, त्याचा छोटा डोस शिरेतून हळूहळू. काहींना दोन-चार दिवसांत फरक पडतो, काहींना अजिबात नाही, आणि पडलेला फरक पुष्कळदा आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो. तोपर्यंत तू खिडकीबाहेर बघत होतास. एकदम वळून विचारलंस, "पेशंटला कळतं ना, काय दिलंय ते?"

ती म्हणाली, "कळतं, सर. तीच तर पंचाईत आहे."

कितीतरी महिन्यांनी तुझ्या चेहऱ्यावर मला ओळखीचं काहीतरी दिसलं. परतताना रिक्षात तू मला समजावलंस, तुटक तुटक, पण समजावलंस. औषध खरं की खोटं ते तपासायचं तर अर्ध्यांना औषध द्यायचं, अर्ध्यांना साधं पाणी, आणि कोणाला काय दिलं ते कोणालाच कळू द्यायचं नाही. इथे औषध मिळालेल्याला वाटतं आपण तरंगतोय, भिंती लांब गेल्यात. पाणी मिळालेला तसाच पडून राहतो. तो ओळखतो की आपल्या वाट्याला काही आलं नाही, आणि आणखी खचतो. मग दोघांतला फरक औषधाचा किती आणि आशेचा किती? पाण्याऐवजी दुसरं एखादं गुंगीचं औषध देऊन पाहतात, तरी माणसं ओळखतातच.

"म्हणजे घ्यायचं नाही?" मी विचारलं.

"घ्यायचं. पण तू एक वही कर आणि मी एक करतो. रोज संध्याकाळी सातला. मला आतून कसं वाटलं ते मी लिहिणार, शून्य ते दहा. मी बाहेरून कसा दिसलो ते तू. एकमेकांच्या वहीत बघायचं नाही."

मला वही करायला सांगताना तू एक गोष्ट विसरलास, किंवा तेव्हा मला तसं वाटलं. मी तेहतीस वर्षं मराठी शिकवलं आणि तेहतीस वर्षं ग्रेस दिला. त्यावरून आपल्या घरात झालेली भांडणं मोजली तर तुला मोठा नमुना मिळाला असता. पेपर तपासताना तू माझ्या मागे उभा राहायचास, चहाचा कप घेऊन, परीक्षकाच्या डोक्यावर परीक्षक. "चौतीस म्हणजे चौतीस."

"एका मार्कासाठी पोराचं वर्ष घालवू?"

"तो वरचा मार्क त्याचा नाही. तुझा आहे."

"असू दे माझा. माझ्याकडे पुष्कळ आहेत."

तू कॉलेजात कोणाला अर्धा मार्कही वाढवून दिला नाहीस. मुलं तुला काय म्हणायची ते मला माहीत आहे, तुला कधी सांगितलं नाही, आताही सांगत नाही.

पहिल्या सलाईनला मी बाहेर बसले होते. आत पडदे ओढलेले, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, भूलतज्ज्ञ शेजारी. औषध चालू असताना रक्तदाब चढतो, म्हणून कोणीतरी बसून राहावं लागतं, एकट्याने करायचं हे काम नव्हे. पाऊण तासाने तू डोळे उघडलेस आणि मला म्हणालास, "पंखा फार लांब गेला होता." थोड्या वेळाने, "मी कोण आहे याची काळजी मिटली होती गं. छान वाटलं." त्या संध्याकाळी मी चार लिहिले. दुसऱ्या दिवशी तीन. दुसऱ्या सलाईननंतर तीन, मग दोन. हे सगळे खरे होते, शपथ.

तिसऱ्या सलाईनहून येताना तू म्हणालास, "काही होत नाही. चौथं झालं की डॉक्टर वह्या बघणार आहेत. तेव्हा थांबवू." आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडलास. सात वाजता मी वही उघडली. दिवस दोनचा होता. दोनसुद्धा ओढूनताणून. मी पेन धरून बसले आणि मला ते वाक्य ऐकू येत राहिलं, सकाळी जाग आली नाही तर बरं.

मी चार लिहिले.

एकदा दिलं की हात सैल सुटतो. दुसऱ्या दिवशी चार, मग पाच, मग पाच. आठ दिवस. मी स्वतःला समजावलं, पोराचं वर्ष घालवायचं नाही.

चौथ्यानंतर डॉक्टरीणबाईंनी दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहिल्या. तुझे दोन, दोन, एक. माझे चार, चार, पाच. म्हणाली, "पुष्कळदा असंच होतं. पेशंटच्या आधी घरच्यांना दिसतं. आणखी दोन घेऊ या." तू माझ्याकडे पाहिलंस आणि मान हलवलीस. तिने माझ्या वहीवर विश्वास ठेवला म्हणून उपचार पुढे चालला, सुधीर. हा चार वर्षं माझ्या घशात अडकलेला काटा. चुकून काही वाईट झालं असतं तर? तुझ्या शिरेत जाणारं औषध मी माझ्या पेनने लांबवलं होतं.

पाचव्याच्या दुसऱ्या दिवशी बुधवार होता. मी आंघोळीहून आले तर घरात तू नव्हतास. चपला घालायचं न सुचून तशीच खाली पळाले. तू गेटवर उकिडवा बसला होतास, बांगड्याचा कल्ला वर करून. म्हणत होतास, "हा कालचा आहे."

यमुनाबाई म्हणाली, "बांगडा आजचा हाय, मास्तर. तुमीच कालचे."

तू हसलास. सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा. यमुनाबाईने माझ्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि हळूच म्हणाली, "रडू नको गो बाय. मास्तर भांडला आज. बरा हाय आता."

त्या संध्याकाळी मी सहा लिहिले, आणि त्यात वरचा एकही नव्हता.

पुढचं तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. सहावं झालं. दोन महिन्यांनी घसरलास, तेव्हा आणखी दोन. गोळी चालूच होती, दर पंधरा दिवसांनी डॉक्टरीणबाईंशी बोलायला जाणं चालू होतं, तळ्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. आणि मग सुरू झालं आपलं खरं भांडण, जे तू अर्धवट टाकून गेलास.

मी म्हणायचे, "तू बरा झालास, आणखी काय पुरावा पाहिजे?"

"मी बरा झालो ही गोष्ट आहे, पुरावा नाही. त्याच आठवड्यात मुग्धा आली होती. गोळी बदलून महिना झाला होता. आणि काही माणसं नुसत्या वेळाने बरी होतात."

"कृतघ्न आहेस."

"कृतज्ञ आहे. पण दोन्ही खाती वेगळी."

तुझ्या मते आख्ख्या प्रकरणात एकच धड साक्षीदार होती, यमुनाबाई. कारण तुला काय दिलं, कधी दिलं, हे तिला ठाऊकच नव्हतं. "ती जे म्हणाली त्याला किंमत आहे," तू म्हणायचास. "आणि दुसरी हिची वही. या घरातला सगळ्यात स्वच्छ पुरावा." पाहुण्यांसमोर म्हणायचास, मुग्धासमोर म्हणायचास, एकदा तर बँकेतल्या माणसासमोर. दर वेळी मी दूध बघायला आत जायचे. आपल्याकडे इतकं दूध कशाला तापतं असं कोणी विचारलं नाही, हे नशीब.

त्या चार वर्षांत तुझ्याइतका सुखी माणूस मी पाहिला नाही, हे मात्र कबूल करते. गॅलरीत बसून तू शोधनिबंध वाचायचास आणि मला हाका मारायचास. तो एक प्रयोग सापडला तेव्हा तर कढईतलं टाकून यावं लागलं. ज्यांचं कसलं तरी ऑपरेशन व्हायचं होतं अशा उदास माणसांना पूर्ण भुलीत असताना केटामीन किंवा साधं पाणी दिलं, म्हणजे तरंगणं नाही, ओळखणं नाही. आणि दोन्ही गट बरेच सुधारले, जवळजवळ सारखेच.

"म्हणजे औषध खोटं?" मी झारा हातात धरून विचारलं.

"म्हणजे आशेचं वजन करायचा तराजू अजून आपल्याकडे नाही. नाहीतर भुलीच्या औषधांनीच काही केलं असेल. थोडीच माणसं होती. एका प्रयोगावर घर बांधू नये." मग पुरी करपल्याचा वास आला आणि तू म्हणालास, "हा मात्र निर्विवाद पुरावा."

कामोठ्याचा तुझा तो जुना विद्यार्थी आला होता, आठवतं? म्हणे सर, परदेशात मश्रूममधल्या औषधाने माणसं एका दिवसात बरी होतात, नेटवर मिळतं, मागवू का माझ्यासाठी? तू त्याला ओरडला नाहीस. त्याला पोहे दिलेस आणि दीड तास बसवलंस. सांगितलंस की तिथे माणसं आधी निवडून घेतात, घरात कोणाला भ्रमाचा आजार असेल तर घेतच नाहीत, दोन जाणती माणसं दिवसभर शेजारी बसतात, आणि तरीही निकाल कच्चे आहेत. इथे ते कायद्यात बसत नाही. "पाकिटात फक्त पावडर येते रे," तू म्हणालास, "शेजारी बसणारी माणसं येत नाहीत." मग स्वतः फोन लावून त्याची वेळ डॉक्टरीणबाईंकडे ठरवलीस. तेराव्याला तो आला होता. वाढायला उभा राहिला आणि शेवटपर्यंत बसला नाही.

तर काल दुपारी मी फाईल उघडली. भाषण जवळजवळ पूर्ण होतं. शेवटचं पान असं: "काहींना लवकर फरक पडतो, हे बऱ्यापैकी खरं. त्यात औषध किती आणि अपेक्षा किती, हे अजून नीट सांगता येत नाही. किती टिकतो, हे त्याहून कमी. वारंवार घेतलं तर सवय लागू शकते, मूत्राशयाला इजा होऊ शकते. घरी घ्यायचं औषध नव्हे. मी पुन्हा आजारी पडलो तर घेईन." खाली लिहिलं होतं, "यानंतर वह्या दाखवणे."

वह्या फाईलमध्येच होत्या. मी ठरवलं, रविवारी उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं की ही वही हिशेबात धरू नका. वही उचलली तर आतून घडी घातलेला आलेखाचा कागद पडला.

तारीख चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीची. तू बरा झाल्यावर डॉक्टरीणबाईंकडून वह्या परत आणल्यास, त्याच आठवड्याची. निळी रेघ तुझी, लाल माझी. लाल रेघ सुरुवातीला खाली-वर होते, जशी माणसाची व्हायला हवी. मग आठ दिवस ती जिना चढल्यासारखी शिस्तीत वर जाते, आणि नंतर पुन्हा खाली-वर. ते आठही दिवस तू पेन्सिलने गोल केले होतेस. बाजूला तुझ्या त्या मुंगीच्या अक्षरात: "ग्रेस. हे आठ दिवस वगळावेत."

म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं. प्रत्येक वेळी स्वच्छ पुरावा म्हणालास तेव्हा माहीत होतं, आणि मी दूध बघायला का जाते तेही. बदमाश माणसा. मी खुर्चीत बसून आधी रागावले, मग हसले, मग जे व्हायचं ते झालं.

चौतीस म्हणजे चौतीस म्हणणाऱ्या तू मला चार वर्षं रोज पास केलंस आणि एकदाही उत्तरपत्रिका तोंडावर मारली नाहीस. त्याबद्दल तुला काय वाटलं हे मला कधी विचारता येणार नाही. पण कागदाच्या तळाशी, प्रयोगातले दोष लिहायच्या जागी, तू एक ओळ लिहून ठेवली आहेस. "निरीक्षक पक्षपाती. बदलू नये."

रविवारी तो कागदही दाखवणार आहे. डॉक्टरीणबाईंना काल फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काकू, ते चुकीचंच होतं. पुढच्या पेशंटच्या घरच्यांना मी आधीच बजावेन." बरोबर बोलली. मग म्हणाली, रविवारी मी येते ऐकायला.

आज बुधवार. यमुनाबाईने पाटी उतरवली आणि मला काही विचारलं नाही, नुसता बांगडा पुढे केला. मी कल्ला वर करून पाहिला आणि म्हटलं, हा कालचा आहे. ती म्हणाली, "घे गो बाय. तुला दोन जास्त टाकते."

माझ्या वहीत मागची पानं कोरी आहेत. आता सात वाजले, म्हणून आजची तारीख घातली आणि माझा आकडा लिहिला. सहा. खरं तर दिवस पाचाचा होता. वरचा एक तुझा.